खिळे जुळाऱ्याची दुसरी शाळा



‘पोटापुरते शिक्षण’ हा शब्द आपल्याकडे फार जुना आहे. मुलगा कामाला लागला की पाटीपुस्तक माळ्यावर जाते, ते पुन्हा खाली येत नाही. ही समजूत कितपत टिकते, ते एकाच धंद्यावरून पाहण्याचा आमचा विचार आहे. तो धंदा म्हणजे छापखान्यातील खिळे जुळाऱ्याचा.

हा माणूस दिवसभर उभा राहून काम करी. देवनागरीला काने, मात्रा, रफार, जोडाक्षरे. त्यामुळे खिळे शेकड्यांनी लागत. कोणता खिळा कोणत्या खणात, हे त्याच्या बोटांना ठाऊक असे. अक्षरे उलटी वाचण्याची त्याला सवय असे, आणि लेखकाचे दुर्वाच्य हस्ताक्षर तर तो लेखकापेक्षा बरे वाचत असे! ही विद्या त्याला शाळेने दिली नव्हती. जावजी दादाजी चौधरी यांचेच पाहा. जन्म 1839 चा, घरची गरिबी, लहानपणीच छापखान्यात खिळे घासण्याचे काम. तेथे डोळे उघडे ठेवून त्यांनी खिळे पाडण्याची कला आत्मसात केली, आणि 1869 साली त्यांचा निर्णयसागर छापखाना उभा राहिला. निर्णयसागरच्या सुबक खिळ्यांतील संस्कृत ग्रंथ पुढे देशभर गेले.

आता कोणी म्हणेल, एकदा हात बसला की पुढे काय शिकायचे? तर 1962 साली शुद्धलेखनाचे नवे नियम आले, आणि अनुच्चारित अनुस्वार गेले. ज्या बोटांनी वर्षानुवर्षे ‘नाहीं’ आणि ‘कांहीं’ जुळवले, त्यांना ते टिंब विसरावे लागले. शिकलेले विसरणे हे शिकण्याहून अवघड, असे आम्हाला वाटते. पण ते असो.

खरी परीक्षा पुढेच होती. 1980 नंतरच्या दशकात संगणक आला आणि शिशाचे खिळे पाहता पाहता भंगारात गेले. पुण्यात 1988 साली सी-डॅक ही संस्था निघाली. भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचे मोठे काम तिने केले. इनस्क्रिप्ट नावाची कळपट्टी आली. तिच्यात स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या. पंचेचाळिशीच्या कारागिराने पुन्हा ‘क’ कोठे आणि ‘ख’ कोठे, असे धुळाक्षरांपासून गिरवायला बसायचे होते!

जे बसले, त्यांच्याबद्दल एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. त्यांचे जुने ज्ञान वाया गेले नाही. यंत्र ओळ आपोआप बसवते, पण ती वाईट बसली हे यंत्राला कळत नाही. शब्द कोठे तोडावा, दोन ओळींत अंतर किती ठेवावे, कोणते जोडाक्षर डोळ्याला खुपते, हे त्याला कळे. नुसती कळपट्टी शिकून आलेल्या तरुणाला ते कळायला अवकाश लागे. तेव्हा नवे शिकणे म्हणजे जुने फेकून देणे नव्हे. जुन्याला बसायला नवी जागा करून देणे, एवढेच ते असते.

आणि जे बसले नाहीत? त्यांना आळशी म्हणणे सोपे आहे. आम्ही तसे म्हणणार नाही. आठ तास उभे राहून घरी गेलेल्या माणसाने रात्री फी भरून वर्गाला जावे, आणि त्या शिक्षणाचा लाभ मात्र मालकाने घ्यावा, हा कोठला न्याय? यंत्रासाठी कर्ज काढणाऱ्या मालकाला, ते यंत्र चालवणारा माणूस तयार करण्यासाठी महिनाभराचा पगार खर्च करणे उधळपट्टी वाटावी, ही आमच्या मते त्या काळातली मोठी चूक होय. कित्येक कसबी माणसे तिच्यापायी शिपाई किंवा पहारेकरी झाली.

आज संगणकावर अक्षरे जुळवणाऱ्यावरही तीच पाळी आली आहे. लेखक स्वतःच मजकूर टंकून पाठवतात. बोललेले शब्द यंत्र लिहून घेते. नुसत्या टंकनाला पूर्वीचा भाव राहिलेला नाही. संपादन, मुद्रितशोधन, पुस्तकाची मांडणी हे ज्याला येते त्याला काम आहे, आणि हे सारे शिकता येण्याजोगे आहे. त्याला वेळ मात्र लागतो. आठवड्यातून दोन तास, पगार न कापता, कामगाराला शिकायला द्यावे, एवढीच आमची सूचना आहे. सभेत छापखान्यांचे मालक असतील. त्यांनी या सूचनेतील अडचणी आता उभे राहून सांगाव्यात. आम्ही ऐकण्यासाठी खाली बसतो.