माळ्यावरची पेटी

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला कमिटीनं सांगितलं, ‘तुम्ही पेटी वाजवता, तर संगीतावर पंधरा मिनिटं बोला.’ मी म्हटलं, अहो, मी फौंड्रीतला माणूस. वाळू, साचा, मेटल यावर बोलायला सांगा, तासभर बोलतो. पण सेक्रेटरी ऐकायला तयार नाहीत. तेव्हा संगीतावर नाही, पण माझी पेटी अठ्ठावीस वर्षं का बंद होती आणि पुन्हा कशी उघडली, एवढंच सांगतो.

आमच्या गावात भजनी मंडळ होतं. वडील पेटीवर असायचे. मी दहा-अकरा वर्षांचा असताना त्यांच्या मांडीला मांडी लावून बसायचो आणि भाता मारायचो. पुढं कोल्हापुरात आठवड्यातून दोनदा एसटीनं क्लासला जायला लागलो. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा असतात, तुमच्यातल्या बऱ्याच जणांची मुलं देतात. प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, इथपर्यंत मी पास झालो. मध्यमेचा फॉर्म भरला होता, पण परीक्षेला बसलो नाही. आयटीआय झालं, शिरोलीत मोल्डर म्हणून लागलो, आणि तीन पाळ्यांचं चक्र सुरू झालं. आठवडा दिवसपाळी, आठवडा रात्रपाळी, त्यात क्लास कुठला बसणार? तेविसाव्या वर्षी शेवटची पेटी वाजवली. मग ती पाच वर्षं गावातल्या कपाटावर राहिली. आपली ही सोसायटी उभी राहिली तेव्हा सामानाबरोबर टेम्पोतनं इथं आली, आणि थेट माळ्यावर गेली. गाद्या, पाण्याचा जुना पिंप, गणपतीची आरास आणि पेटी. मंडळी दर दिवाळीला म्हणायच्या, ‘अहो, ती पेटी तरी कुणाला देऊन टाका.’ मी ‘बघू’ म्हणायचो.

आता खरं सांगतो. पन्नाशी ओलांडली आणि माझं काहीतरी बिनसलं. आई गेली. मुलगा नोकरीला पुण्यात गेला. ज्या जागेवर माझा नंबर होता असं मला वाटत होतं, तिथं माझ्या पोराच्या वयाचा इंजिनिअर आला. चांगला पोरगा आहे, त्याची काही चूक नाही. पण मला रात्री झोप येईना. तीन वाजता उठून गॅलरीत उभा राहायचो आणि हायवेवरचे ट्रक मोजायचो. खालच्या मजल्यावरचे भाऊ रात्रपाळीवरनं येताना मला बघायचे, त्यांना आठवत असेल. याला इंग्रजीत मिडलाइफ क्रायसिस म्हणतात. इलियट जॅक्स नावाच्या माणसानं १९६५ साली हा शब्द रूढ केला. आपल्याकडं त्याला ‘पन्नाशीत डोकं फिरलंय’ म्हणतात. आजार तोच.

त्याच वर्षी कारखान्यात वार्षिक तपासणी झाली. कानाला हेडफोन लावतात, बारीक आवाज सोडतात आणि ऐकू आला की बटण दाबायला सांगतात. मी बराच वेळ बटण दाबलंच नाही. मला वाटलं मशीन बंद आहे. डॉक्टरनी कागद दाखवला. त्यावरची रेघ सरळ जात होती आणि चार हजार हर्ट्झपाशी विहिरीत पडल्यासारखी खाली गेली होती. ते म्हणाले, ‘मोठ्या आवाजात काम करणाऱ्यांचा कान आधी इथंच जातो. गेलेलं परत येत नाही. उरलेलं सांभाळा.’

तेव्हा मला उलगडा झाला. घरी मंडळी ‘सात’ म्हणायच्या आणि मला ‘आठ’ ऐकू यायचं. स, श, फ ही अक्षरं बारीक आवाजाची, तीच गळत होती. आम्ही यावरनं दोन वर्षं भांडत होतो. तिला वाटायचं मी लक्ष देत नाही, मला वाटायचं ती तोंडातल्या तोंडात बोलते.

त्या दिवशी घरी आलो आणि शिडी लावली. कुणी सांगितलं नव्हतं. एकच विचार होता, वडिलांची पेटी मला अजून ऐकू येते का?

पेटी उघडली तर भात्याच्या कापडाला झुरळांनी भोकं पाडलेली. भाता मारला की सूर निघायच्या आधी वारा सुटायचा. चार पट्ट्या दाबल्या की वर येत नव्हत्या. काही सुरांवर गंज. पण काळी एक दाबली आणि ती वाजली. घोगरी, पण वाजली. मी तिथंच फरशीवर बसून राहिलो. मंडळींनी चहा आणून ठेवला आणि काही विचारलं नाही. त्याबद्दल आज सगळ्यांसमोर त्यांचे आभार मानतो.

पुढच्या सुट्टीला पेटी घेऊन मिरजेला गेलो, बरोबर मुलगी होती. आपल्या सांगली फाट्यावरनं गाडी वळवली की तासा-सव्वा तासाचा रस्ता, पण इतक्या वर्षांत त्या कामासाठी कधी गेलो नव्हतो. मिरजेतले शिकलगार मूळचे हत्यारं बनवणारे. हत्यारांचे दिवस संपले तसे एकोणिसाव्या शतकात ते सतार-तानपुऱ्याकडं वळले, आणि फरीदसाहेबांपासून ती परंपरा आजपर्यंत चालत आली. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. मला त्यांचं काम बघताना आपली फेटलिंग शॉपच आठवली. तिथंही कानस, इथंही कानस.

पेटी दुरुस्त करणाऱ्यांनी एक गोष्ट दाखवली. सूर म्हणजे पितळेची बारीक जीभ. तिच्या टोकाला किंचित घासलं की आवाज चढतो, बुडाशी घासलं की उतरतो. केसाएवढं जास्त घासलं तर काम बिघडतं. आम्ही कास्टिंग मायक्रोमीटरनं मोजतो, हे कानानं मोजतात.

शेजारी एक कारागीर तानपुऱ्याची जवारी काढत होते. घोडीचा वरचा भाग घासून असा बेतायचा की तार त्याला हलकी घासत वाजावी, म्हणजे मूळ सुराबरोबर वरचे बारीक सूर झंकारतात. त्यांनी तार छेडली, दोरा थोडा सरकवला, पुन्हा छेडली आणि विचारलं, ‘कळला फरक?’

मला कळला नाही. दोन्ही वेळा एकच सूर ऐकू आला.

मुलगी एकदम म्हणाली, ‘बाबा, केवढा उघडला आवाज! काचेच्या बांगड्या हलल्यासारखं वाजतंय.’ मी मान डोलवली. खोटी मान डोलवली. परतीच्या वाटेवर हातकणंगल्यापर्यंत मी बोललो नाही. मग तिला खरं सांगितलं. जे मी सोळाव्या वर्षी ऐकायचो आणि ज्यावर माझा जीव जडला होता, ते आता मला ऐकू येणार नाही. आणि पेटी परत कशाला घेतली, असंही म्हणालो.

तिनं उत्तर दिलं नाही. घरी आल्यावर मोबाईलवर काहीतरी बघितलं आणि म्हणाली, ‘बाबा, पेटीचा सगळ्यात वरचा सूरसुद्धा दोन हजार हर्ट्झच्या आत आहे. तुमची विहीर चार हजारला आहे. पेटी तुम्हाला पुरती ऐकू येते. झंकार मी ऐकते, सूर तुम्ही लावा.’

आता आपल्या कोल्हापूरचीच दोन माणसं सांगतो, कारण त्यांनी मला फार धीर दिला. पहिले अल्लादिया खाँसाहेब. जन्म १८५५ चा. शाहू महाराजांच्या दरबारचे गवई, जयपूर-अत्रौली घराण्याचे मूळ पुरुष. त्यांच्यामुळं केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर अशी गाणी उभी राहिली. पण हे फार जणांना माहीत नसतं की तरुणपणी एका संस्थानात अतिश्रमानं त्यांचा आवाज बसला. पुन्हा गायला लागले, पण पहिला आवाज काही परत आला नाही. त्यांनी हट्ट धरला नाही. जो आवाज उरला होता त्याला झेपेल, शोभेल अशी गायकी त्यांनी घडवली. आज आपण ज्या गायकीला अवघड आणि भारदस्त म्हणून मान देतो, ती गेलेल्या आवाजाच्या जागी उभी राहिलेली आहे.

दुसरे गोविंदराव टेंबे. वाढले कोल्हापुरात, आणि पेटीवर त्यांचा हात असा की मोठमोठे गवई त्यांना साथीला घ्यायचे. १९११ साली ‘मानापमान’ नाटकाला त्यांनी संगीत दिलं, तेव्हा ते तिशीच्या आसपास होते. मग पुढं? १९३२ साली कोल्हापुरात प्रभातनं ‘अयोध्येचा राजा’ काढला, मराठीतला पहिला बोलपट. संगीत टेंब्यांचं आणि हरिश्चंद्राची भूमिकाही टेंब्यांची. तेव्हा त्यांचं वय होतं पन्नास. बोलपट म्हणजे काय हे तेव्हा कुणालाच धड माहीत नव्हतं. त्या वयात ते नवीन धंद्यात उतरले. मी आपला पन्नाशीत गॅलरीत उभा राहून ट्रक मोजत होतो.

आणि पेटीचं म्हणाल तर तिनंही दिवस काढले आहेत. आकाशवाणीनं १९४० साली पेटीवर बंदी घातली, ती उठायला १९७१ उजाडलं. एकतीस वर्षं. माझ्या बंद पेटीपेक्षा तीन वर्षं जास्तच.

आता सोसायटीचा भाग. पेटी दुरुस्त होऊन आली आणि मी रोज सकाळी सहाला बसायला लागलो. मला आनंद झाला होता, बिल्डिंगला झाला नव्हता. आठव्या दिवशी कमिटीकडं तक्रार गेली. लेखी. मी चिडलो. गणपतीत डॉल्बी चालतो आणि माझी पेटी चालत नाही? मासिक मीटिंगला तावातावानं गेलो. तक्रार करणारे भाऊ उठले आणि शांतपणे म्हणाले, ‘दादा, तुमचा राग नाही. मी थर्ड शिफ्ट करून साडेसातला अंथरुणावर पडतो. भिंत एकच आहे. दिवसभर कारखान्यात आवाज, घरी तरी शांतता नको का?’

मी खाली बसलो. ज्या आवाजानं माझा कान नेला, त्याच आवाजातनं तो माणूस घरी येत होता, आणि मी त्याच्या उशाशी आणखी आवाज करत होतो. मग तोडगा निघाला, तुम्हाला माहीत आहे. संध्याकाळी साडेसहा ते साडेसात, खालच्या हॉलमध्ये, दार लावून. पहिल्या आठवड्यात मी एकटा होतो. दुसऱ्या आठवड्यात दुसऱ्या मजल्यावरच्या आजी येऊन बसल्या, त्यांना माहेरच्या गवळणी पाठ आहेत हे त्यांच्या सुनेलाही माहीत नव्हतं. मग तबला घेऊन एक जण आला. आता आम्ही सात जण आहोत. आणि तक्रार करणारे भाऊ दिवसपाळी असेल त्या आठवड्यात टाळ घेऊन येतात. टाळ जरा जोरात वाजवतात, पण मी काही म्हणत नाही.

माझी झोप सुधारली का? सुधारली, पुरती नाही. तो इंजिनिअर अजून माझ्या वरच आहे. सोळाव्या वर्षीचा हातही परत आला नाही, द्रुत लयीत बोटं अडखळतात. मी द्रुत वाजवणं सोडलं. सावकाश वाजवतो, आजींच्या गवळणीला साथ करतो. उरलं तेवढ्यात बसेल असं वाजवायचं, हे मी खाँसाहेबांकडनं घेतलं.

शेवटी दोन विनंत्या. पहिली इथल्या कामावर जाणाऱ्या पोरांना. आपल्याकडच्या नियमानं नव्वद डेसिबलला आठ तास काम चालतं. पंच्याण्णवला चारच तास, शंभरला दोनच तास. नॉकआऊट आणि ग्राइंडिंगच्या शेजारी उभं राहिल्यावर कुठला आकडा लागत असेल हे तुम्हीच बघा. कानातले प्लग खिशात ठेवण्यासाठी दिलेले नाहीत. मी तीस वर्षं खिशातच ठेवले. ‘काय होतंय’ म्हणायचो. काय होतंय ते आत्ताच सांगितलं.

दुसरी विनंती कमिटीला. रौप्यमहोत्सवी वर्ष आहे, मोठा खर्च सुचवत नाही. हॉलची ती संध्याकाळची एक तासाची वेळ कायमची सगळ्यांसाठी उघडी ठेवा. पेटीच पाहिजे असं नाही. कुणाच्या माळ्यावर रंगाची पेटी असेल, कुणाचा कॅरम बोर्ड, कुणाची भरतकामाची चौकट. पंचवीस वर्षांत आपण पाणी, पार्किंग, लिफ्ट यावर भरपूर मीटिंगा केल्या. प्रत्येकाच्या माळ्यावर काय आहे, हे मात्र आपण एकमेकांना कधी विचारलं नाही.

आता थांबतो, आमची मंडळी खुणावतायत. सात वाजले म्हणतायत की आठ, ते घरी गेल्यावर कळेल.