लकव्यानंतरचा हात : विद्युत्-उत्तेजना आणि व्यायाम



पक्षाघात, अर्थात लकवा, हा केवळ शहरातील सुखवस्तू माणसाचा आजार आहे, हा समज गडचिरोली जिल्ह्यानेच खोटा ठरविला आहे. 'सर्च' संस्थेने जिल्ह्यातील ८६ गावांत केलेला अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात नोंदविलेल्या १५९९ मृत्यूंपैकी २२९ मृत्यू पक्षाघाताने झाले होते. इतर कोणत्याही एका कारणाने एवढे बळी घेतले नव्हते.

जे वाचतात, त्यांच्यापैकी अनेकांचा एक हात लुळा राहतो. वस्तुतः हाताला इजा झालेली नसते. मेंदूच्या ज्या भागातून त्याला आज्ञा मिळते, त्या भागाचा रक्तपुरवठा तुटलेला असतो. एकच हालचाल शेकडो वेळा केल्यास मेंदूचा शाबूत भाग ते काम काही अंशी शिकून घेतो. या शिक्षणाला विजेची किंवा चुंबकाची जोड द्यावी, असा विचार शास्त्रज्ञांनी केला.

अमेरिकेत १९९ रुग्णांवर झालेल्या एका चाचणीचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. व्यायामापूर्वी काहींच्या डोक्यावर चुंबकीय उत्तेजना दिली, काहींना तिचा केवळ आभास दिला. सहा महिन्यांनी पहिल्या गटात ६७ टक्के, तर दुसऱ्या गटात ६५ टक्के रुग्ण सुधारले. फरक नगण्य होता. दोन्ही गटांत समान होता तो व्यायाम.

२०२१ च्या चाचणीत मात्र वेगळे दिसले. १०८ रुग्णांच्या मानेतील व्हेगस मज्जातंतूला जोडलेले यंत्र शस्त्रक्रियेने छातीच्या त्वचेखाली बसविले. हाताची हालचाल होत असतानाच अर्धा सेकंद सौम्य विद्युत्-उत्तेजना दिली जाई. उपचारानंतर ९० दिवसांनी या गटातील ४७ टक्के रुग्णांत लक्षणीय सुधारणा आढळली. नाममात्र उत्तेजना मिळालेल्या गटात २४ टक्के. त्याच वर्षी अमेरिकेने या यंत्रास मान्यता दिली.

यातून एक गोष्ट स्पष्ट होते. यंत्र हे व्यायामाच्या जोडीला आहे, व्यायामाच्या जागी नाही. 'नुसत्या करंटने हात उठेल' असे आश्वासन कोणी दिल्यास त्यावर घरातील पुंजी खर्च करण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा: यात रुग्णाने स्वतः करावयाची हालचाल कोणती?

आपल्या घरांत रुग्णाची सेवा मनोभावे होते. सून घास भरविते, मुलगा सदरा चढवितो. परंतु या मायेपोटीच अशक्त हाताचे काम हिरावले जाते. फिजिओथेरपिस्टकडून पद्धत शिकून घ्यावी आणि वाटी धरणे, कडी काढणे, कापडाची घडी घालणे ही कामे रुग्णालाच, सावकाश का होईना, करू द्यावीत. घडी वाकडी पडली तरी चालेल. ती त्या हाताने घातलेली असावी, एवढेच महत्त्वाचे.