मुलींना बोलू द्या
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



शाळेतल्या वक्तृत्व आणि वादविवाद स्पर्धांविषयी बोलावे, असे चिटणीसबाईंनी सुचवले. माझा सारा जन्म शिकवण्यात गेला, तेव्हा विषय माझ्या आवडीचाच आहे. पण सुरुवात मी माझ्या एका चुकीपासून करणार आहे.

आठवीतल्या एका हुशार मुलीला वक्तृत्व स्पर्धेसाठी मी स्वतःच भाषण लिहून दिले. त्यात चांगली भारदस्त वाक्ये घातली. तिने ते घडाघडा पाठ केले. पण व्यासपीठावर तिला तिसरे वाक्य आठवेना. काही क्षण ती तशीच उभी राहिली आणि डोळे पुशीत खाली उतरली. सगळे म्हणाले, पोर घाबरली. मला मात्र मनातून कळले, की ते शब्द तिचे नव्हतेच. मग एक विसरल्यावर दुसरा सुचणार कसा?

पुढच्या वर्षी मी तिला वादविवादात घेतले. 'परीक्षा नसाव्यात' असा विषय होता. तिला परीक्षा मुळीच आवडत नसत, म्हणून मुद्दाम तिला परीक्षांच्या बाजूने उभे केले. भाषण लिहून दिले नाही. चार मुद्दे तूच शोधून आण, एवढेच सांगितले. आधी ती रुसली. मग घरीदारी चौघांना विचारत हिंडली. घंटा झाली की थांबायचे, मुद्दा सोडायचा नाही, हे तर ती शिकलीच. पण समोरच्याचे नीट ऐकल्यावाचून त्याचे खंडन करता येत नाही, हेही शिकली. बक्षीस मिळाले नाही, पण ती शेवटपर्यंत बोलली.

दहावी झाल्यावर घरी ठरले, की आता शिक्षण पुरे. पुढची हकिकत तिच्या आईने मला सांगितली. मुलगी वडिलांना म्हणाली, "अण्णा, आधी तुमचे म्हणणे मी सांगते, चुकले तर थांबवा." एस.टी.चा खर्च, संध्याकाळी होणारा उशीर, धाकट्या भावाची फी, सारे तिने बरोबर सांगितले. मग एकेकाचे उत्तर दिले. पास सवलतीचा मिळेल, गावातल्या दोघी त्याच गाडीने जातात, आणि फीसाठी मी लहान मुलांची शिकवणी घेईन. अण्णा बराच वेळ गप्प बसले. शेवटी म्हणाले, "एक वर्ष बघू." त्या एका वर्षाची पुढे पाच वर्षे झाली. आई म्हणाली, "बाई, तिने आवाज चढवला नाही, म्हणून त्यांना ऐकावेच लागले."

भगिनींनो, बाईच्या बोलण्याची वाट आपल्याला आयती मिळालेली नाही. पुण्यात मुलींच्या हायस्कुलाची मागणी करण्यासाठी भरलेल्या सभेत रमाबाई रानडे यांनी इंग्रजीतून भाषण वाचले, तर घरी आल्यावर वडीलधाऱ्या बायकांची बोलणी त्यांना ऐकावी लागली. पण 1884 साली ते हायस्कूल निघाले आणि आज हुजूरपागा म्हणून सारे त्याला ओळखतात.

आता तर 1992 च्या घटनादुरुस्तीने पंचायतींत बायकांना किमान एक तृतीयांश जागा मिळाल्या आणि 2011 पासून महाराष्ट्रात त्या निम्म्या झाल्या. खुर्ची कायद्याने मिळते. पण सभेत उभे राहून "आमच्या वस्तीला पाणी का नाही?" हे विचारायला लागणारी जीभ कायदा देत नाही. ती लहानपणीच तयार व्हावी लागते. नाही तर खुर्चीवर बाई आणि बोलणारा तिचा नवरा, असे व्हायला वेळ लागत नाही.

म्हणून आयांना माझी विनंती आहे. मुलांना भाषणे लिहून देऊ नका. रात्री जेवताना एखादा साधा विषय काढा. मुलगा आणि मुलगी दोघांनाही बोलू द्या. दुसऱ्या दिवशी बाजू बदलायला सांगा. कोणी अडखळले तर हसू नका. आणि मुलीने नीट विचार करून वेगळे मत मांडले, तर "उलट बोलते" असे म्हणू नका.

मी आज बोलले, त्याच्या विरुद्ध बाजूही आपल्यापैकी कोणाला मांडता येईल. चहाच्या वेळी ती जरूर मांडावी, मी ऐकायला बसले आहे. एवढे सांगून मी आपली रजा घेते.