काळ्या खिडकीची ओळख
(वर्धापनदिनाच्या समारंभात सातारा येथे केलेले भाषण)



मंडळाच्या वर्धापनदिनी मला सांगलीहून बोलावून येथे उभे केलेत, हा निव्वळ माहेरचा लोभ आहे. एरवी अशा प्रसंगी आरोग्यावर नाही तर मुलांच्या संगोपनावर कोणी विदुषी बोलतात. मी बोलणार संगणकावर, आणि माझी शाळा सातवीलाच सुटली. म्हणून जे मी स्वतःच्या हाताने केले, आणि जे बिघडवले, तेवढेच सांगते.

आमच्या सांगलीच्या मंडळात बचतीचा हिशेब पूर्वी वह्यांत असे. २०१९ सालच्या ऑगस्टात कृष्णा चढली. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, आणि त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेले. आमच्या खोलीतले कपाट बुडाले. पाणी ओसरल्यावर वह्या गच्चीवर वाळत घातल्या, तर पाने एकमेकांना चिकटलेली आणि शाई पसरून सगळे निळेजांभळे झालेले. तेव्हा ठरले की हिशेब संगणकावर ठेवायचा. एक वापरलेले यंत्र मिळाले, त्यावर काम सुरळीत चालले होते. पुढे २०२५ च्या १४ ऑक्टोबरला विंडोज दहाची नेहमीची मोफत देखभाल कंपनीने थांबवली. अकरावी आवृत्ती आमच्या जुन्या यंत्रावर चढेना, आणि नव्या यंत्राला पैसे कोठून आणायचे? आमच्या चिटणीसबाईंचा भाचा पुण्याला असतो. त्याने येऊन त्याच यंत्रावर उबंटू घालून दिले.

उबंटू हा लिनक्सचा एक प्रकार. लिनक्सचा गाभा लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्याने १९९१ साली लिहिला. त्याच्या आधीपासून, म्हणजे १९८३ पासून, अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू नावाचे काम आरंभले होते, त्यातली साधने याला मिळाली. विकत घ्यावे लागत नाही, दुसऱ्याला द्यायला मनाई नाही. मला हे विरजणासारखे वाटले. शेजारणीकडून चमचाभर आणावे, आपले दही लावावे आणि उद्या तिसरीला द्यावे.

पडद्यावरचे काम फारसे वेगळे नाही. डाव्या बाजूला चिन्हांची पट्टी असते, तेथून फाइली आणि हिशेबाचे तक्ते उघडतात. मराठी लिहायचे तर सेटिंग्जमध्ये कीबोर्डाखाली मराठी जोडून घ्यावी. मग खिडकीचे चिन्ह असलेली कळ धरून स्पेस दाबली की इंग्रजीची मराठी होते. इनस्क्रिप्टच्या मांडणीत स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजने बहुतेक उजव्या हाताला. आठ दिवसांत बोटे वळतात. मला तर इंग्रजीपेक्षा हेच सोपे गेले.

खरी भीती वाटते ती काळ्या खिडकीची. तिला टर्मिनल म्हणतात. कंट्रोल, आल्ट आणि टी या तीन कळा एकदम दाबल्या की ती उघडते. चित्र नाही, बटण नाही, नुसती एक रेघ लुकलुकत असते. मी भाच्याला म्हटले, "अरे, माउस असताना ही ब्याद कशाला?" तो म्हणाला, "काकू, फोनवरून तुम्हाला 'तिथे दाबा, नाही, त्याच्या खाली' असे सांगण्यात माझा अर्धा तास जातो. इथे मी एक ओळ सांगतो, तुम्ही ती लिहा, आणि जे उत्तर येईल ते मला वाचून दाखवा." हे मला पटले. पाककृती फोनवर सांगता येते, हात धरून पोळी लाटायला शिकवता येत नाही, तसेच हे.

त्यातले शब्द इंग्रजी म्हणून मी आधी कचरले. पण एल आणि एस या दोन अक्षरांचा अर्थ इंग्रजी शाळेत शिकलेल्या माझ्या पुतणीलाही लागेना! एलएस लिहून एंटर दाबले की त्या कप्प्यात काय काय आहे त्याची यादी येते. पीडब्ल्यूडी लिहिले की आपण कोणत्या कप्प्यात उभ्या आहोत ते कळते. (बांधकाम खात्याशी याचा संबंध नाही. मी पहिल्या दिवशी विचारले होते.) सीडी आणि पुढे कप्प्याचे नाव लिहिले की त्या कप्प्यात जाता येते. अक्षरे लहान लिपीतच हवीत. मोठी आणि लहान अक्षरे ही त्याच्या लेखी वेगळी असतात. नावाची दोन अक्षरे लिहून टॅब दाबावे, उरलेले नाव तो पूर्ण करतो. एखादे काम थांबेना झाले तर कंट्रोल आणि सी. म्हणूनच तेथे नक्कल उचलताना या दोहोंबरोबर शिफ्टही धरावी लागते. आणि परवलीचा शब्द मागितला की आमच्या यंत्रावर लिहिताना काहीच उमटत नाही, ठिपकासुद्धा नाही. मी कीबोर्ड बिघडला म्हणून दोनदा बंद करून सुरू केला. तो ऐकत असतो. लिहून एंटर दाबावे.

आता माझी चूक. आमच्या यंत्रात 'हिशेब' नावाचा कप्पा होता, आणि निकामी झालेल्या तक्त्यांचा दुसरा, 'हिशेब जुना'. एका दुपारी मी आधी चालू हिशेबाची प्रत पेनड्राइव्हवर घेतली. पट्टी झरकन भरली आणि नाहीशी झाली, म्हणून मी पेनड्राइव्ह उपटून पर्समध्ये टाकला. मग जुना कप्पा काढायला काळ्या खिडकीत आरएम, उणे आर आणि पुढे हिशेब, मोकळी जागा, जुना असे लिहिले. त्याने मोकळ्या जागेवरून दोन नावे धरली. 'हिशेब' पुसून टाकला, आणि 'जुना' नावाचे काही सापडत नाही म्हणून तक्रार केली. माउसने काढलेली फाइल कचरापेटीत जाते, तेथून परत आणता येते. आरएमला कचरापेटी नाही. तो विचारतही नाही. विचारायला हवे असेल तर उणे आय जोडावे लागते, आणि ते मला तेव्हा ठाऊक नव्हते.

पेनड्राइव्ह लावला, तर त्यातली फाइल उघडेना. पट्टी भरली तरी मजकूर काही वेळ यंत्राच्या स्मरणातच असतो, हळूहळू पेनड्राइव्हवर उतरतो. म्हणून काढण्याआधी नावापुढचे इजेक्टचे चिन्ह दाबून त्याची परवानगी घ्यायची असते. ती मी घेतली नव्हती.

२६ जणींचे सात महिन्यांचे हप्ते आणि कर्जे त्यात होती. मी त्या रात्री जेवले नाही. सकाळी घरोघर जाऊन पासबुके गोळा केली, पावतीपुस्तकाच्या कार्बन प्रती काढल्या, आणि तीन रात्री बसून सगळे पुन्हा भरले. एकीचे दोन हप्ते कोठेच सापडले नाहीत. ती म्हणाली, "काकू, मी भरलेत हो." कमिटीने तिचा शब्द मानला. पण माझ्या चुकीपायी तिला चार बायकांपुढे शब्द द्यावा लागला, हे अजून मनातून जात नाही.

आता नावांत मी मोकळी जागा सोडत नाही, मध्ये आडवी रेघ घालते. कप्पा काढायचा तो माउसनेच, कचरापेटीत. आरएम वापरायची वेळ आलीच तर आधी एलएस, मग नाव टॅबने पूर्ण करून, ओळ मोठ्याने वाचून मगच एंटर. दर महिन्याला दोन पेनड्राइव्हवर प्रती घेते, आणि काढल्यावर पुन्हा लावून फाइल उघडून बघते.

त्यांतला एक सांगलीत चिटणीसबाईंकडे राहतो. दुसरा येथे माझ्या वहिनींच्या कपाटात. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याच्या त्या घरात कृष्णेचे पाणी यायचे नाही. या महिन्याचा मी बरोबर आणला आहे. तुमच्या मंडळाच्या यंत्रावरही कालच उबंटू घातले आहे असे कळते. चहा झाल्यावर ज्यांना काळी खिडकी उघडून पाहायची असेल त्यांनी आतल्या खोलीत यावे. वही-पेन्सिल आणावी, मी ओळी लिहून देईन.