पुन्हा भिजलेलं अंथरूण



गणपती तोंडावर आले की पेण, हमरापूर, जोहे इथल्या मूर्तींच्या कारखान्यांत कुणाला मान वर करायला फुरसत नसते. अशात घरातलं पाच वर्षांचं पोर रात्री पुन्हा अंथरुणात शू करू लागलं, तर आई म्हणते, पावसाचा गारठा आहे, नाहीतर धाकट्याचं बघून लाडावलंय. पुष्कळदा तसं असतंही. पण वर्षभर कोरडं झोपणारं मूल अचानक गादी भिजवू लागलं, सारखं पाणी मागू लागलं, भरपूर जेवूनही चड्डी कमरेवरून घसरू लागली, तर त्याला रागावू नका. त्याची साखर तपासा.

हा पहिल्या प्रकारचा मधुमेह असू शकतो. इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी शरीराचीच प्रतिकारशक्ती नष्ट करते. मग साखर रक्तात साठते आणि लघवीवाटे पाणी ओढून नेते. मोदक-पेढे खाल्ल्याने हा आजार होत नाही. घराण्यात कुणाला मधुमेह नसला तरी होतो, तेव्हा सासर-माहेरचा हिशेब कृपा करून काढू नका.

ग्लुकोमीटरला बोटातलं थेंबभर रक्त पुरतं. उद्या उपाशीपोटी येतो, असं म्हणू नका. अशी लक्षणं असताना साखर केव्हाही 200 किंवा त्याहून जास्त भरली, तर त्याच दिवशी दवाखान्यात दाखल व्हायचं.

उशीर झाला की उलट्या, पोटदुखी, धाप आणि गुंगी सुरू होते, श्वासाला पिकल्या फळासारखा वास येतो. आपण म्हणतो, काहीतरी बाधलं. इथून पुढे वेळ तासांत मोजायचा असतो.

इटलीतल्या पार्मा भागात 1991पासून शाळांत आणि बालरोगतज्ज्ञांकडे साधी भित्तिपत्रकं लावली, त्यांत पुन्हा भिजणाऱ्या अंथरुणाकडे लक्ष वेधलं होतं. अशा गंभीर अवस्थेत निदान होणाऱ्या मुलांचं प्रमाण 78 टक्क्यांवरून साडेबारावर आलं. पेण-रोह्याच्या अंगणवाड्यांच्या भिंतींवरही असा कागद लागायला काय हरकत आहे?

पेणच्या, रोह्याच्या सरकारी रुग्णालयात किंवा पुढे अलिबागला निघालात, तर वाटेत तरतरी यावी म्हणून ग्लुकोजची पावडर किंवा सरबत पाजू नका. मूल शुद्धीत असेल आणि मागत असेल, तर साधं पाणी द्या. डॉक्टरांना उलट्यांच्या आधी तहान आणि लघवीबद्दल सांगा.