ड्रायव्हर नसलेल्या गाडीचा दावा

आज विधी पदवी घेणाऱ्या माझ्या तरुण सहकाऱ्यांनो,

थोड्याच दिवसांत तुम्हाला सनद मिळेल आणि तुमच्यातल्या अनेकांची पहिली प्रकरणं मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात उभी राहतील. माझी सगळी वकिली तिथेच झाली. म्हणून आज मी एका अपघाताबद्दलच बोलणार आहे.

१८ मार्च २०१८. रविवारची रात्र, दहा वाजत आलेले. अमेरिकेत ॲरिझोना राज्यातल्या टेम्पी शहरात ४९ वर्षांची एक महिला सायकल हाताने ढकलत मिल ॲव्हेन्यू हा रुंद रस्ता ओलांडत होती. सायकलला पिशव्या अडकवलेल्या होत्या. समोरून उबरची चाचणीवर असलेली स्वयंचलित व्होल्वो आली. गाडीत एक चालक बसलेली होती, पण तिचं काम फक्त लक्ष ठेवण्याचं. गाडी संगणक चालवत होता. त्या महिलेचा मृत्यू झाला. स्वयंचलित गाडीच्या धडकेने पादचारी दगावल्याची नोंद झालेली ही पहिलीच घटना.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने या अपघाताचा तपास केला. त्यातले सेकंद नीट ऐका. धडकेच्या ५.६ सेकंद आधी गाडीच्या रडारने तिला टिपलं होतं. म्हणजे यंत्राला ती दिसली होती. पण ही वस्तू काय आहे, हे यंत्राला ठरवता येईना. आधी वाहन, मग 'इतर', पुन्हा वाहन, मग सायकल, पुन्हा 'इतर'. आणि दर वेळी ओळख बदलली की तिच्या आधीच्या हालचालीची नोंद पुसली जायची. ती डावीकडून उजवीकडे चालत येते आहे, पुढच्या क्षणी आपल्याच वाटेत असेल, हा अंदाज बांधायला लागणारा मागचा माग यंत्राकडे उरतच नव्हता. क्रॉसिंग नसलेल्या ठिकाणी माणूस रस्ता ओलांडू शकतो, ही शक्यता त्या प्रणालीच्या रचनेत धरलेलीच नव्हती. १.२ सेकंद उरले तेव्हा धोका कळला. पण खोटे इशारे टाळण्यासाठी कंपनीने मुद्दाम एका सेकंदाचा विलंब घालून ठेवला होता. तो सेकंद तसाच गेला. व्होल्वोचं स्वतःचं आपत्कालीन ब्रेक लावणारं तंत्र होतं, पण उबरचा संगणक गाडी चालवत असताना तेही बंद ठेवलेलं असायचं. धडक बसली तेव्हा वेग ताशी साठ किलोमीटरच्या वर होता आणि ब्रेक लागला तो धडकेनंतर, चालकाच्या पायाने.

आता आरोपपत्र कोणावर दाखल झालं ते पाहा. मार्च २०१९ मध्ये सरकारी वकिलांनी सांगितलं की कंपनीवर फौजदारी जबाबदारी लादायला आधार नाही. खटला झाला तो गाडीत बसलेल्या चालकावर. ती मोबाइलवर कार्यक्रम पाहत होती, हे खरं. २०२३ मध्ये तिने जीव धोक्यात घातल्याचा गुन्हा कबूल केला आणि तिला तीन वर्षांचं देखरेखीखालचं प्रोबेशन मिळालं. तिचा दोष होताच, आणि तपास मंडळानेही तोच अपघाताचं मुख्य कारण मानला. पण पूर्वी अशा गाडीत दोन माणसं असायची, ती एकावर आणण्याचा निर्णय तिचा नव्हता. तो एक सेकंद तिने ठरवला नव्हता, व्होल्वोचा ब्रेक तिने बंद केला नव्हता. कंपनीचं सुरक्षेचं नियोजन अपुरं होतं आणि चालकांवर देखरेख ढिली होती, हेही त्याच मंडळाने लिहिलं. तरी फौजदारी न्यायालयात उभी राहिली ती उतरंडीतली सगळ्यात खालची व्यक्ती. आपल्या कोर्टांत हे चित्र तुम्हाला वारंवार दिसेल. मालक बाजूला आणि क्लीनर कटघऱ्यात.

आपल्या न्यायाधिकरणात एखादा दावा कसा चालतो, ते सांगतो. अर्जदार असते सायकलवरून दूध घालणाऱ्याची विधवा. हातात एफआयआर आणि घटनास्थळाचा पंचनामा. पंचनाम्यात रस्त्याची रुंदी, टायर घासल्याच्या खुणा, काचा कुठे पडल्या, सायकल कोणत्या बाजूला सापडली. इन्शुरन्सचे वकील उलटतपासणीत हमखास विचारतात, झेब्रा क्रॉसिंग किती अंतरावर होतं? सायकलला मागे लाल काच होती का? त्या उत्तरांवर भरपाईतून वीस-तीस टक्के वजा होतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली पूर्ण भरपाई मागायची, तर चालकाचा निष्काळजीपणा दाखवावा लागतो. निदान तिथे दाखवायला एक माणूस असतो. साक्षीदार सांगतो, गाडी भरधाव होती, ड्रायव्हर फोनवर बोलत होता. पण निर्णय संगणकाने घेतला असेल तर त्या बाईने काय दाखवायचं? पुरावा रस्त्यावर सापडणारच नाही. तो कंपनीच्या सर्व्हरवर आहे आणि वाचायला तज्ज्ञ लागतो. एका तज्ज्ञाची फी तिच्या वर्षाच्या कमाईपेक्षा जास्त असेल.

माझं म्हणणं एवढंच आहे की हा भार तिच्यावर टाकू नये. आधी भरपाई द्यावी, मग मालक, विमा कंपनी, गाडी बनवणारा आणि प्रोग्राम लिहिणारा यांनी आपसांत वाटा ठरवावा. यात स्वप्नाळू काही नाही. फ्रान्सने १९८५ मध्येच, तेव्हाचे न्यायमंत्री रोबेर बादिंतेर यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कायद्यात, मोटारीने जखमी झालेल्या पादचारी आणि सायकलस्वाराला त्याची साधी चूक दाखवून शारीरिक इजेची भरपाई नाकारायची नाही, असं ठरवलं. ब्रिटनने २०१८ च्या कायद्यात स्वयंचलित गाडीने इजा झाली तर आधी विमा कंपनीने पैसे द्यावेत आणि मग तिने जबाबदार पक्षाकडून वसूल करावेत, अशी तरतूद केली. २०२४ च्या कायद्याने त्यापुढे जाऊन, गाडी स्वतः चालत असताना आत बसलेल्या माणसाला चालवण्याच्या गुन्ह्यांतून मोकळं केलं आणि जबाबदारी परवानाधारक कंपनीकडे नेली.

आपल्याकडे पाया नाही असं नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १६४ खाली कोणाची चूक ते सिद्ध न करता मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख मिळतात. पण कमावता माणूस गेलेल्या घराला पाच लाख किती दिवस पुरणार? शिवाय आपल्या सर्वोच्च न्यायालयाने याहून फार मोठी गोष्ट सांगून ठेवली आहे. दिल्लीत डिसेंबर १९८५ मध्ये श्रीराम कारखान्यातून ओलियम वायू गळला. एम. सी. मेहता प्रकरणात सरन्यायाधीश पी. एन. भगवती यांच्या पीठाने सांगितलं की धोकादायक उद्योग करून जो नफा कमावतो, त्याने इजेची पूर्ण जबाबदारी घ्यावी. 'आम्ही सगळी काळजी घेतली होती' हा बचाव तिथे चालणार नाही. वर्दळीच्या रस्त्यावर संगणकाच्या ताब्यात दिलेलं दीड-दोन टनांचं वाहन या तत्त्वात बसवायला काय हरकत आहे? हा युक्तिवाद तुमच्यापैकी कोणीतरी करायला हवा.

कोणी म्हणेल, अशा गाड्या आपल्याकडे येणारच नाहीत. ड्रायव्हरांचे रोजगार जातील म्हणून त्या येऊ देणार नाही, असं केंद्रीय मंत्री नितीन गडकरी २०२३ मध्ये नागपुरात म्हणालेही. त्यांची काळजी रास्त आहे. पण लेन धरून चालणाऱ्या, आपोआप ब्रेक लावणाऱ्या गाड्या आपल्या शोरूममध्ये आहेत आणि पुणे-मुंबई रस्त्यावर धावतही आहेत. २०२२ मध्ये देशात रस्त्यावर ३२,८२५ पादचारी आणि ४,८३६ सायकलस्वार मेले. आपल्याकडे फुटपाथ दुकानांनी आणि दुचाकींनी व्यापलेला. माणूस दुभाजकातल्या फटीतूनच रस्ता ओलांडतो, कारण दुसरी वाटच ठेवलेली नाही. क्रॉसिंगबाहेरचा माणूस ज्या यंत्राच्या हिशेबात नाही, त्याला इथला जवळपास प्रत्येक पादचारी हिशेबाबाहेरचा ठरेल.

तुमच्यातले काही जण कंपन्यांच्या विधी विभागात जातील. त्यांना आणखी एक घटना सांगतो. २ ऑक्टोबर २०२३ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत माणसाने चालवलेल्या एका गाडीने एका महिलेला धडक दिली आणि ती शेजारून जाणाऱ्या क्रूझ या कंपनीच्या चालकविरहित टॅक्सीपुढे पडली. टॅक्सी तिला धडकून थांबली, आणि मग रस्त्याच्या कडेला लागायचं म्हणून पुन्हा निघाली. महिला खाली अडकलेली होती. तिला सुमारे २० फूट फरफटत नेलं गेलं. कंपनीने अमेरिकेच्या केंद्रीय सुरक्षा यंत्रणेला पाठवलेल्या सुरुवातीच्या अहवालांत धडक लिहिली होती, फरफटत नेल्याचा उल्लेख नव्हता. परवाना निलंबित झाला. पुढे १५ लाख डॉलरचा दंड झाला, आणि खोटा अहवाल दिल्याची कबुली देऊन फौजदारी प्रकरणात आणखी पाच लाख डॉलर भरावे लागले.

असा अहवाल कोणीतरी टाइप करतं, कोणीतरी तपासतं. उद्या त्या खुर्चीत तुम्ही असाल. रात्र झालेली असेल, वरून फोन येत असतील, आणि तोवर हॉस्पिटलमधल्या बाईचं नावही तुम्हाला माहीत नसेल. तेव्हा ते २० फूट अहवालाच्या पहिल्या परिच्छेदात लिहा.