तेरा अंकांचा लेखक

(नंदुरबार जिल्ह्यातील एका साहित्य मेळाव्यातील अध्यक्षीय भाषण)



देशातला पहिला आधार क्रमांक याच जिल्ह्यातल्या टेंभलीत दिला गेला. तारीख २९ सप्टेंबर २०१०. बारा अंकांच्या त्या समारंभाला खुद्द पंतप्रधान आले होते. पुस्तकालाही असा एक क्रमांक असतो, आयएसबीएन. २००७ पासून तो तेरा अंकांचा झाला. दिल्लीची राजा राममोहन रॉय यांच्या नावाची एजन्सी तो फुकट देते, प्रकाशन संस्थेला देते तसा आपलं पुस्तक आपणच काढणाऱ्यालाही देते. १९५४ चा ग्रंथ प्रदान कायदाही भेदभाव करत नाही. पुस्तक निघालं की कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीच्या ग्रंथालयांना स्वखर्चाने प्रती पाठवायच्या, ही जबाबदारी प्रकाशकाची. मग तो पुण्यातल्या जुन्या पेढीचा मालक असो की धडगावचा शिक्षक.

कायद्याने ज्याला प्रकाशक मानलं, त्याला साहित्याच्या ओसरीवर मात्र बसायला पाट मिळत नाही. ‘प्रकाशक कोण?’ असं विचारायचं, ‘मीच’ हे उत्तर आलं की पुस्तक न उघडता बाजूला ठेवायचं. भांडण आहे ते याच सवयीशी, आणि ज्यांना ते बोचेल त्यांनी खुशाल बोचून घ्यावं.

थोडा इतिहास काढू. जोतीराव फुल्यांनी १८५५ साली ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहून दक्षिणा प्राइझ कमिटीकडे दिलं. कमिटीने ते नाकारलं. ते छापून आलं १९७९ मध्ये, म्हणजे तब्बल १२४ वर्षांनी. पुढे ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, तर त्यांच्याच चळवळीच्या ‘दीनबंधू’ पत्राने पहिली दोन प्रकरणं छापली आणि हात आखडता घेतला. आपल्या माणसांनीसुद्धा छापायला नकार द्यावा, असं लेखन असतं. ते वाईट असतं म्हणून नव्हे, छापणाऱ्याला जड जातं म्हणून.

हरी नारायण आपट्यांच्या नावाने आज राज्य सरकार कादंबरीला पुरस्कार देतं. त्या आपट्यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ हे साप्ताहिक काढलं आणि ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी त्यातूनच क्रमशः वाचकांपुढे ठेवली. संपादक आपटे, कादंबरीकारही आपटे! आजच्या हिशेबाने तेही ‘स्वतःच छापलेले’. मुकुंदराव पाटलांनी नेवासे तालुक्यातल्या तरवडीसारख्या खेड्यातून ‘दीनमित्र’ हे पत्र चालवलं आणि ‘ढढ्ढाशास्त्री परान्ने’सारखी कादंबरीही लिहिली. तिकडे पॅरिसात मार्सेल प्रूस्तला १९१३ साली आपल्या महाकादंबरीचा पहिला खंड स्वतःच्या पैशांनी काढावा लागला. अलीकडचं बघायचं तर अमीश त्रिपाठींच्या ‘मेलुहा’ कादंबरीला प्रकाशकांनी नकारामागून नकार दिले. २०१० मध्ये ती स्वबळावर निघाली, खपू लागली आणि मग प्रकाशक दारात आले. इंग्रजीत याला जिद्द म्हणतात. मराठीत तेच केलं की हौस!

आता ढोंगाकडे वळू. कित्येक नामवंत पाट्यांखाली निघणाऱ्या कादंबऱ्यांचा कागद, छपाई, मुखपृष्ठ सगळं लेखकाच्या खिशातून होतं. वर ‘इतक्या प्रती तुम्हीच उचला’ अशी अट. पाटी प्रकाशकाची म्हणून ते पुस्तक प्रतिष्ठित, आणि तोच पैसा लेखकाने थेट छापखान्यात दिला की ते हौशी. फुकट मिळणारा आयएसबीएन ‘पॅकेज’मध्ये घालून त्याचे पैसे लावणारेही याच बाजारात बसलेत. लेखकाने पैसे मोजले असतील तर तसं पहिल्या पानावर छापा, आणि मग दोन्ही पुस्तकं एकाच ताजव्यात टाका.

स्वप्रकाशन म्हणजे सुखाचा घास, असंही कुणी समजू नये. २४० पानांची डेमी आकाराची कादंबरी म्हणजे सोळा पानी पंधरा फॉर्म. उदाहरणादाखल किंमत ३०० रुपये आणि छपाई प्रतीमागे १२० धरा. विक्रेत्याला चाळीस टक्के सोडले की हातात १८० येतात, छपाई वजा जाता ६०. दहा टक्के मानधनाच्या करारात ३० आले असते, त्यामानाने दुप्पट. पण हे ६० कागदावरचे. माल ‘विकला तर पैसे’ या बोलीवर जातो, वर्षभराने कोपरे दुमडून परत येतो, आणि जाण्यायेण्याचं भाडं लेखकाच्याच माथी. छापील पुस्तकावर जीएसटी नाही, कागदावर मात्र आहे. डिसेंबर २०२४ मध्ये टपाल खात्याने नोंदणीकृत बुकपोस्ट एकाएकी बंद केलं. मे २०२५ मध्ये ‘ज्ञान पोस्ट’ आलं खरं, पण मधल्या महिन्यांत अक्कलकुव्याहून चंद्रपूरला एक कादंबरी पाठवणाऱ्याने काय करायचं होतं?

पडद्यावरची वाट स्वस्त आहे. २०१६ च्या अखेरीस किंडलवर मराठी पुस्तकं आली, प्रतिलिपी या संकेतस्थळावर रोज नव्या कथा येतात. तिथे गोदाम लागत नाही. गर्दी मात्र सारंगखेड्याच्या यात्रेतल्या घोडेबाजारासारखी. घोडा कितीही जातिवंत असला तरी त्याची पारख करणारा समोर यावा लागतो.

आणि तरीही या जिल्ह्यातल्या लेखकाने ही वाट सोडू नये, त्याचं कारण भाषा. इथे पावरी, मावची, देहवाली, अहिराणी बोलली जाते. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची दोन तृतीयांशाहून अधिक लोकसंख्या आदिवासी होती. कादंबरीतली नवापूरची म्हातारी मावचीत रागावली तर लांबच्या शहरातला संपादक तिच्या तोंडी प्रमाण मराठी घालतो, नाहीतर पानोपानी तळटीपा मागतो. स्वतःच प्रकाशक असलेला लेखक तिला तिच्या भाषेत भांडू देतो. पुस्तकाचे हक्क, दुसरी आवृत्ती, अनुवाद, सगळं त्याच्या हाती राहतं.

आता लेखकांनीही चार शब्द ऐकावेत. संपादकाचा जाच नको म्हणून संपादनच नको, हे कुठलं शहाणपण? पहिला खर्डा लिहायचा, त्याच आठवड्यात डीटीपीला टाकायचा, मुद्रितशोधन भाच्याकडून करून घ्यायचं आणि प्रकाशनाला फेटे मात्र वीस! नायिकेचं नाव तिसऱ्या प्रकरणात बदलतं, बैल विकल्यानंतर पुन्हा औताला जुंपलेला दिसतो. फेट्यांच्या निम्म्या पैशांत चांगला मुद्रितशोधक मिळतो. आणि भेटप्रती वाटणं थांबवा. फुकट मिळालेलं पुस्तक सोयरा टीव्हीखाली ठेवतो.

ग्रंथालयांकडेही मागणी आहे. राज्यात हजारो अनुदानित सार्वजनिक ग्रंथालयं आहेत. या जिल्ह्यातल्या प्रत्येक ग्रंथालयाने जिल्ह्यातल्या लेखकांसाठी एक फळी राखावी. निवड करताना पाटी झाकून पहिली वीस पानं वाचावीत. टाकाऊ असेल तर परत करावं, पण कारण लिहून.

आयोजकांना शेवटची विनंती. अध्यक्षांसाठी आणलेली शाल आणि श्रीफळ परत न्यावं. त्या रकमेत बाहेरच्या टेबलावरची जेवढी पुस्तकं बसतील तेवढी बांधून द्यावीत, छापील किमतीला, सवलत न मागता. आणि हो, पावती लेखकाच्या सहीची हवी.